फटीतल्या अक्षता

लालासाहेब थोरात या व्यवहारात उतरला तेव्हा त्याच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. लेक पडणार होती. बाकी सगळं किरकोळ.

लेक म्हणजे लीला. म्हसवडला दिलेली. लग्नाला दोन वर्षं होत आली, पण नागपंचमीला नाही, दिवाळीला नाही, मलकापूरच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नव्हता. आता सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्या मुलखाची. पण व्याही नाथाजी विचारलं की नुसतं "बघू" म्हणायचा. नाथाजीच्या "बघू"ला पुढे रस्ता नसे.

आणि याचं मूळ होतं लालासाहेबाच्या मोटारीत.

लालासाहेब फौजेत बर्फापासून वाळवंटापर्यंत ट्रकचं चाक फिरवून, बारा गावचं पाणी पिऊन हवालदार म्हणून परतला होता. परतल्यावर त्यानं पाचगणीच्या शाळेतल्या एका बाईंकडून काळी विलायती गाडी घेतली. बाई देश सोडून चालल्या होत्या, गाडी नेता येत नव्हती. कऱ्हाडच्या पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती, आणि लालासाहेब ही गोष्ट कुणाला विसरू देत नसे. लीलाच्या लग्नात नवरानवरी याच गाडीतून गेली. सोबत नाथाजी, आणि उरलेल्या जागेत लालासाहेबाचे फौजेतले दोन साहेब. नाथाजीची आई राहीबाई मात्र वऱ्हाडाच्या ट्रकात, वरच्या वाऱ्यात, माघाच्या थंडीत म्हसवडपर्यंत गेली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण म्हातारीनं ते मुद्दाम लक्षात ठेवलं.

त्या मार्गशीर्षात राहीबाई मिरजेच्या दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. दुष्काळ सरून दीड वर्ष झालं होतं, माणदेशात पुन्हा थंडी पडायला लागली होती. एका रविवारी नाथाजी मिरजेहून परतताना वाट वाकडी करून मलकापूरला उतरला, लालासाहेबाच्या ओसरीवर बसला, आणि चहाची बशी तोंडाला लावून म्हणाला,

"पाव्हणं, डाक्टर म्हणत्यात, म्हातारीला वारं लागता कामा न्हाई. आन् यश्टीच्या खिडक्या तर लागत न्हाईत. तुमच्या गाडीत म्हणं ऊब सोडायचं यंत्र हाय?"

"हाय की!" लालासाहेब सावरून बसला. "हीटर म्हणत्यात त्याला. बर्फात नुसत्या सदऱ्यावर बसावं, अशी ऊब."

"मग गुरुवारी मिरजंत या. म्हातारी सुखानं घरी पोचली, की लीलाचं बी बघू."

बनुबाई आतल्या दाराशी उभी होती. व्याही वेशीपर्यंत गेला असेल-नसेल, तिनं नवऱ्याला विचारलं, "ऐकलं का? ह्या टायमाला 'बघू'च्या आदी काय तरी म्हणाला त्यो."

"ऐकलं," लालासाहेब म्हणाला, आणि गाडीत जाऊन हीटरचं बटण फिरवलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा फिरवलं. दाबून, ओढून, शिवी देऊन पाहिलं. डॅशबोर्डच्या खालून नुसता 'टक्' असा आवाज आला आणि जुन्या कपाटाचा वास. खरं म्हणजे हे यंत्र कधी बंद पडलं हे सांगणं अवघड होतं, कारण मलकापुरात ते लावायची वेळ कुणावर येणार? गाडी घेतली त्या चैत्रात त्यानं गल्लीतल्या चौघांना आत बसवून, काचा चढवून हीटर दाखवला होता. चौघं घामाघूम होऊन उतरले आणि मान्य करून गेले. तेवढाच काय तो वापर.

गाडी कऱ्हाडच्या गॅरेजात नेता आली असती. पण गॅरेजच्या समोर चहाचं हॉटेल, आणि हॉटेल नाथाजीच्या मेव्हण्याचं. तिथं गाडीचं पोट उघडलं असतं तर कपातला चहा निवायच्या आत बातमी म्हसवडात गेली असती. तेव्हा जे करायचं ते घरी, परड्यात. लालासाहेबानं गाडी ढकलत गोठ्याच्या आडोशाला नेली. त्यामुळे आळीतल्या ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

मदतीला मौला आला. मौलाचं कऱ्हाडात लष्करी लिलावातल्या मालाचं दुकान होतं; तंबू, बूट, दुर्बिणी, फुटक्या गाड्यांचे सुटे भाग. त्याची आणि लालासाहेबाची शाळा सोडल्यापासूनची दोस्ती. मौलानं मोटरी पुष्कळ सोडवल्या होत्या, पण हीटर कधी नाही. लालासाहेबानं गाड्या पुष्कळ चालवल्या होत्या, पण सोडवली एकही नाही.

"हवालदार, फौजेत तुमी असलं काम केलंय ना?"

"हजारदा."

"केलंय, का करताना बघितलंय?"

"तू पाना दे."

मौलानं बॅटरीची तार सोडवली. रेडिएटरचं पाणी काढायला बनुबाईची परात मागितली, ती तिनं दिली आणि मग ती परात पुन्हा पीठ मळायची नाही हे मनात लिहून ठेवलं. मग डॅशबोर्डखालचं फळकूट काढलं. आणि मग लालासाहेबाला कळलं, की हे यंत्र ज्यानं बसवलं त्यानं आधी यंत्र ठेवलं असावं आणि नंतर भोवती गाडी बांधली असावी.

त्याच्यापर्यंत पोचायची रीत एकच होती. पाठ गाडीच्या तळावर, डोकं पायांनी दाबायच्या पट्ट्यांमध्ये, आणि पाय सीटच्या पाठीवर. पन्नाशी उलटलेला, दुपारच्या भाकरीनं जड झालेला माणूस तसा घडी होऊन पडला. बाहेरून नुसते तळवे दिसत होते. सोमवार दुपार ते मंगळवार दुपार, मधली झोप सोडली तर, बनुबाई त्या तळव्यांशीच बोलली.

"आवं, च्या आणलाय."

"ठेव."

"कुटं ठिवू? तुमचं त्वांड कुटं हाय?"

हीटरच्या पेटीला दोन रबरी नळ्या होत्या, त्या वर्षांनुवर्षांच्या उष्णतेनं लोखंडाला चिकटल्या होत्या. एक सुटताना उरलंसुरलं गंजकं पाणी लालासाहेबाच्या कानात गेलं. पेटीचे पेच दिसणारे तितके निघाले. शेवटचा दिसत नव्हता. नुसत्या बोटांना लागत होता, तोही डाव्या हाताच्या. पाना दोन आटे फिरायचा आणि घसरायचा, आणि दर घसरण्याला मागचा पत्रा बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून घ्यायचा. मंगळवारी सकाळी तर तो काही वेळ नुसताच पडून राहिला. मौलाला वाटलं झोप लागली.

"हवालदार?"

"आं."

"काय करताय?"

"दमलोय, मौला." तो आतूनच म्हणाला. "पेचानं न्हवं रं. दोन वरसं त्या मानसाच्या त्वांडाकडं बघून दमलोय. जत्रंला गेलो, आंब्याची पाटी न्हेली, दुष्काळात कडबा धाडला. प्रत्येक टायमाला वाटायचं, आता धाडंल पोरीला. आता ह्यो एक पेच."

मौलाची लेक नूरजहां लग्नाची झाली होती. त्यानं बॅटरीवर टेकवलेली विडी उचलली, आणि आपला हात लहान आहे हे आत्ताच लक्षात आल्यासारखं करून म्हणाला, "सरा. मी बगतो."

पेच निघाला आणि धरायच्या आत पेटी खाली आली, ती लालासाहेबाच्या छातीवर. आणि तिच्यामागून, वरच्या फटीतून, त्याच्या तोंडावर, मिशांवर, उघड्या तोंडात पाऊस पडला तांदळाचा.

पिवळ्या, हळद लावलेल्या तांदळाचा. सोबत वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, खोबऱ्याचे तुकडे, कापराचा खडा, एक सुपारी, आणि शेवटी उंदराचं कापूस-कागदाचं घरटं.

मौलानं डोकं आत घालून पाहिलं. "शुभ मंगल सावधान," तो म्हणाला, आणि गोठ्याला धरून हसत बसला.

लालासाहेब उठून बसला. थुंकला. पेटीतला ऊब फेकणारा पंखा हातानं फिरवला, तर तांदूळ अडकून तो हलेना. मोटरची तार उंदरानं कुरतडलेली, आणि मोटर जळून काळी. हिशोब सरळ होता: तांदळामागं उंदीर आला, उंदरामागं तार गेली, तारेमागं मोटर. आणि तांदूळ कुणामागं, ते विचारायची गरज नव्हती. काचेखालची ती लांब फट, जिच्यातून काचेवर ऊब यायची, ती दिसायला थेट देवळातल्या दानपेटीसारखी होती.

"बनू!"

बनुबाई आली. तांदूळ पाहिले. ओळखले.

"दर दसऱ्याला?" लालासाहेबानं विचारलं.

"दसरा. पाडवा. आन् तुमी लांब कुटं निगाला की." ती मागं हटली नाही. "तुमीच म्हणालता, हितनं गाडीची ऊब येती. म्हटलं, जितनं श्वास येतो तितंच वाहावं."

"आगं, मिशन हाय ते! देव न्हवं!"

"व्हय का? मग सात वरसं झाली, गाडीला कुटं खरचटलं का? लोकांच्या गाड्या घाटात गेल्या, वढ्यात गेल्या. तुमची का न्हाई गेली?"

लालासाहेबानं मौलाकडं पाहिलं. मौलानं बैलाकडं पाहिलं.

"न्हाई तर न्हाई," बनुबाई पदरात तांदूळ गोळा करत म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता. "माज्या पोरीच्या वाटंत माजंच तांदूळ आलं म्हणायचं. गुरुवारपतुर व्हईल का वो, मौलाभाई?"

मौला म्हणाला होईल. तो सायकल मारत कऱ्हाडला गेला आणि मोडीत निघालेल्या लष्करी रुग्णवाहिकेचा ब्लोअर, म्हणजे मोटरीसकट पंखा, घेऊन आला. पैशाची गोष्ट निघाली तेव्हा तो म्हणाला, "नूरजहांच्या लग्नात नवरा ह्या गाडीतनं आला पायजे. आन् जुनी मोटर माजी, तांब्यासाठी." लालासाहेबानं मान हलवली. त्या दिवशी त्यानं कुणालाही कशालाही मान हलवली असती.

नवा ब्लोअर पेटीपेक्षा जाड होता. बुधवारभर दोघांनी त्याला तिथं राहायला राजी केलं. भोकं जुळेनात म्हणून पट्टी ठोकली. फट राहिली तिथं सायकलच्या ट्यूबची चकती घातली. नळ्या वितीभर कापून नवी कडी आवळली. शेवटी बटण. ते आतून मोडलं होतं, आणि तसलं बटण पुण्यातही मिळालं नसतं. मौलानं तार सरळ इंजिनाच्या चावीला जोडली. चावी फिरवली तसा ब्लोअर गुरगुरला, आणि फटीतून आधी हळदीचा एक ढग आणि मग खरीखुरी गरम हवा आली. बनुबाईनं दोन्ही हात जोडले.

"बंद कसं करायचं?" लालासाहेबानं विचारलं.

"बंद? तीन दिस चालू व्हायला रडत हुता, आन् आता बंद कशापायी करायचं?" मौला म्हणाला. "गाडी बंद केली की बंद."

गुरुवारी पहाटे निघताना बनुबाई ताट घेऊन आली. बॉनेटला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग दार उघडून आत वाकली, आणि तिचा अक्षतांचा हात सवयीनं काचेखालच्या फटीकडं गेला. लालासाहेबानं काही न बोलता आपला तळहात फटीवर पालथा ठेवला. बनुबाई थांबली. मग तिनं त्या सोललेल्या पेरांवर हळद-कुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या. हळद झोंबली. तो हूं की चूं करेना. हात खिडकीबाहेर नेऊन त्यानं अक्षता परड्यात झटकल्या आणि गाडी काढली.

मिरजेला राहीबाईला दोघांनी उचलून मागच्या सीटवर बसवलं, घोंगडीत गुंडाळून. नाथाजी पुढं बसला. कोट, उपरणं, फेटा, सगळं अंगावर, कारण व्याह्याच्या गाडीतून मिरवत जायचं होतं. काचा चढवल्या. गाडी सुरू झाली आणि ऊब सुटली.

तासगावपर्यंत नाथाजी खूष होता. "वा, पाव्हणं! अंथरुणात बसल्यासारकं वाटतंय."

विट्याला ऊन चढलं. नाथाजीनं उपरणं काढलं. पुढं कोट काढला. मायणीच्या माळावर फेट्याखालून घामाच्या धारा लागल्या तेव्हा त्यानं हळूच काचेच्या कळीला हात घातला.

"लावून ठिव!" मागून राहीबाई कडाडली. "डाक्टर काय म्हणाला?"

"आये, जरा बोटभर..."

"बोटभरच वारं लागलं हुतं मला. ट्रकात."

नाथाजीनं हात मांडीवर घेतला आणि लालासाहेबाच्या कानाशी लागला. "जरा कमी करा की वो."

"कमी व्हत न्हाई," लालासाहेब म्हणाला. त्याच्या पापण्यांतून घाम डोळ्यांत उतरत होता. पुसायला हात सोडावा तर रस्ता खड्ड्यांचा.

"पाव्हणं," राहीबाई बोलली. घोंगडीतून तिचं नुसतं नाक बाहेर होतं. "एवढी ऊब हुती तुमच्या गाडीत. मग पोरीच्या लगनात मला दाकवली न्हाई ती?"

लालासाहेबाकडं या प्रश्नाची उत्तरं तयार होती. साहेब लांबून आले होते. गाडीत जागा नव्हती. बसवायचं काम वऱ्हाडातल्या पोरांचं. दोन वर्षांत ती त्यानं रानात, अंथरुणात, आरशासमोर घोळवून गुळगुळीत केली होती. पण तीन दिवसांची पाठ दुखत होती, पेरं ठणकत होती, आणि त्या भट्टीत एक वाक्य जुळवायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"चुकलं माजं, आत्याबाई," तो म्हणाला.

माळावरची बाभळीची रांग संपली.

"एवढंच पायजे हुतं," राहीबाई म्हणाली. "आंबं कशापायी धाडलं? आंबट हुतं." आणि ती भिंतीला टेकावं तशी मागं टेकून झोपली.

म्हसवडला वाड्यापुढं गाडी थांबली तेव्हा लीला दारात उभी होती. ती धावली नाही; तिचे पाय सुजले होते. बापाकडं पाहून आधी हसली, मग त्याच्या हाताकडं पाहून म्हणाली, "आबा, ह्ये काय झालं?"

"काय न्हाई. जरा गाडीचं काम हुतं."

नाथाजी गाडीतून उतरून थेट रांजणाकडं गेला होता. दोन तांबे पाणी डोक्यावर ओतून झाल्यावर त्यानं तोंड पुसलं आणि व्याही म्हणून जे म्हणायचं ते म्हणायला सुरुवात केली. "तर लीलाचं आपुन बघू..."

"बघायचं काय त्यात?" ओसरीवरून राहीबाई म्हणाली. "शनवारी घिऊन जात्याल तिला. तवर पाव्हणं ऱ्हात्याल."

लालासाहेबानं म्हातारीपुढं हात जोडले. ते खाली येईपर्यंत म्हातारीनं पुढचं वाक्य पूर्ण केलं.

"आन् मी बी जाती. हितल्या थंडीत मला काय ठिवलंय? बाळंतपन माज्या डोळ्यांदेकत व्हईल. शिमग्याला येती परत. का वो पाव्हणं, चालंल न्हवं?"

"या की, आत्याबाई," लालासाहेब म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नाथाजीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत प्रथमच व्याह्याविषयी माया दिसली.

शनिवारी कलत्या उन्हात गाडी मलकापुरात शिरली. सगळ्या काचा बंद, आतून वाफ धरलेली. बनुबाई ओवाळून टाकायचा भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी होती. दार उघडलं, लीला उतरली, आणि बनुबाईचा हात वर जातो तोच मागून आधी काठी आली, मग घोंगडी आली. बनुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा बॉनेट उघडून आत काहीतरी महत्त्वाचं बघत होता. तिनं हातातला तुकडा मोडला, त्याचे दोन केले, आणि एकेक दोघींवरून ओवाळून टाकला.

आता जमाखर्च. राहीबाईला तिची जागा मिळाली. गाडीतली आणि घरातलीही. नाथाजीला आईशिवाय एक हिवाळा मिळाला, आणि तो त्यानं पाय पसरून घालवला. मौलाला नवरदेवाची गाडी मिळाली. माघात नूरजहांचा नवरा तीतून मिरवत आला आणि मांडवात शिरायच्या आधी शेरवानी पिळावी लागेल इतका भिजला. लीलाला माहेर मिळालं, आजेसासूच्या नजरेखाली का होईना. लालासाहेबाला लेक मिळाली. बदल्यात डाव्या हाताची कातडी गेली, ती महिन्याभरात परत आली.

गाडीतल्या उबेची त्यानंतर शिमग्यापर्यंत कुणाला गरज पडली नाही. घरात मात्र पहाटे न्हाणीचं पाणी दोघींना हवं, दोन बाजांखाली दोन शेगड्या हव्यात, एकीला पेज आणि एकीला काढा. राहीबाई बाजेवरून सांगायची, "बनुबाय, इस्तू मंद झाला गं." मग कोंबडं आरवायच्या आत उठून, ओली लाकडं पुढं सारून, डोळ्यांतून पाणी काढत फुंकणी फुंकणारी एकच बाई त्या घरात होती, आणि "चालंल न्हवं?" हे तेवढं तिला कुणी विचारलं नव्हतं.